परब सिस्टर, तुमची पावलांची कार्डं

परब सिस्टर,

काल दुपारी वॉर्डात तुमच्यासाठी दोन मिनिटं शांत उभं राहायचं ठरलं होतं. चाळीस सेकंद झाले नसतील, तेवढ्यात तीन नंबरच्या वॉर्मरवरचा मॉनिटर ओरडायला लागला आणि माना खाली घालून उभ्या असलेल्या सगळ्या जणी तशाच पळाल्या. बाळाने पायाची तार ओढली होती, बाकी काही नव्हतं. पण उरलेला वेळ मग कोणाच्याच लक्षात राहिला नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "गेलेल्या माणसाला काय घाई आहे? आधी तीन नंबर बघा."

तुम्हाला जाऊन तेरा दिवस झाले. डिलाईल रोडला तुमच्या खोलीवर मी आज सकाळी जाऊन आले. फोटोत तुम्ही मोरपिशी साडी नेसून हसताय. क्षणभर वाटलं, या कोण बाई? मी तुम्हाला इतकी वर्षं पाहिलं ते पांढऱ्या गणवेशात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि कानामागे पेन. तुमचा जन्म कुठला, नोकरी कधी लागली, निवृत्त कधी झालात, हे सगळं हॉस्पिटलच्या नोटिस बोर्डावर लावलंय. मी ते उभं राहून वाचलं आणि लक्षात आलं, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मला तुमचे हात माहीत होते, तुमचे टोमणे माहीत होते, आणि एक गोष्ट माहीत होती जी मी बारा वर्षं गिळून बसले होते.

एनआयसीयूत, आपल्या नवजात बाळांच्या अतिदक्षता वॉर्डात, आले तेव्हा मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली होते. परीक्षेत पहिली आलेली, इस्त्रीचा कोट, खिशात तीन रंगांची पेनं. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि विचारलंत, "राहता कुठे?"

"ठाकूरद्वारला."

"मग तुम्ही ठाकूरद्वार. नावं लक्षात राहात नाहीत मला. दर सहा महिन्यांनी नवे डॉक्टर येतात, किती पाठ करू?"

माझ्या बरोबरचा एक जण घोडपदेवला राहायचा, तो घोडपदेव झाला. बाळांची मात्र नावं तुम्हाला पाठ असायची, ज्यांचं बारसंही झालेलं नसायचं त्यांचीसुद्धा. कारण ती तुम्हीच ठेवलेली असायची.

आपल्याकडे येणारी बाळं किलोची, सव्वा किलोची. अंगात साठवलेलं काही नाही. त्यांची साखर उतरली तर ती रडत नाहीत, मागत नाहीत, नुसती गप्प होत जातात, आणि तेवढ्या वेळात मेंदूला इजा होऊन बसते. म्हणून दर काही तासांनी टाचेला सुई टोचायची, थेंबभर रक्त पट्टीवर घ्यायचं आणि यंत्रावर आकडा बघायचा. काम मिनिटाचं. पुस्तकात त्याला अर्धं पान असतं. तुम्ही मला ते शिकवायला तीन आठवडे घेतलेत, आणि त्या तीन आठवड्यांत मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय म्हणाले ते आज लिहीत नाही.

आधी टाच गरम करायची. गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं असायचंच, पण तुमचा भरवसा स्वतःच्या तळव्यावर जास्त. अंगठ्याएवढं ते पाऊल तुम्ही मुठीत धरून बसायचात आणि तेवढा वेळ बाळाशी गप्पा. आमच्याशी तुम्ही शुद्ध बोलायचात, पण बाळाशी थेट मालवणी. "वायच थांब गो माझे बाये. एकदाच टोचतंय. मगे नाय हां." मी एकदा घड्याळ दाखवलं तेव्हा म्हणालात, "थंड टाचेतनं रक्त येत नाही, मग तुम्ही पिळता. पिळलेल्या टाचेचा आकडा खोटा येतो आणि बाळ रडतं ते वेगळंच. माझी दोन मिनिटं जातात. तुमची दहा जातील." मग मी पिळून पाहिलं. दहा नाही, बारा गेली.

आणि तुमची ती कार्डं. प्रत्येक बाळाच्या पायथ्याशी एक पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर तुम्ही काढलेली दोन पावलं. गौरीच्या दिवसांत दारापासून आतपर्यंत आपण लक्ष्मीची पावलं काढतो ना, अगदी तशी, बोटांच्या पाच टिंबांसकट. सुई टोचली की ज्या जागी टोचली तिथे कार्डावर ठिपका द्यायचा, म्हणजे पुढची बाई त्याच जागी टोचणार नाही. टाचेच्या बाजूला टोचायचं, मागे मधोमध कधीच नाही, तिथे हाड जवळ असतं. हे सांगणारे सगळेच होते. ते कार्डावर काढून दाखवणाऱ्या तुम्ही एकट्या. पहिल्या महिन्यात मी त्या कार्डांना हसले होते. हॉस्पिटलचा कागद आणि त्यावर रांगोळी! तुम्ही ऐकलंत आणि मला दहा कोरी कार्डं काढायला बसवलंत. माझी पावलं बदकाची आली. ती तुम्ही वर्षभर वापरलीत, आणि नव्या माणसाला कौतुकाने सांगायचात, "ही ठाकूरद्वारची आहेत."

आता ती गोष्ट.

गणपतीचे दिवस होते. लालबाग-परळमध्ये त्या दिवसांत ड्युटीवर पोचणं हीच एक परीक्षा. सात नंबरला एक मुलगी होती, चौदाशे ग्रॅमची, दुसरा दिवस. तिचे वडील सकाळपासून दर्शनाच्या रांगेत उभे राहून दुपारी आले. भेटायची वेळ टळून गेली होती. तुम्ही त्यांचा चेहरा पाहिलात आणि पाच मिनिटं आत सोडलंत. त्यांनी हात धुतले, गाऊन घातला, सगळं नीट केलं. मग खिशातून कागदात गुंडाळलेला प्रसादाचा पेढा काढला. "आत काही द्यायचं नाही," असं तुम्ही म्हणेपर्यंत त्यांनी तो बोटांनी फोडलाही होता. तुम्ही पेढा बाहेर पाठवलात, पण तेवढ्यात तुम्हाला दुसऱ्या बाळाकडे हाक आली. त्या माणसाने वाकून मुलीच्या पायांना हात लावला आणि तो हात कपाळाला नेला. लक्ष्मी आली घरात, असं काहीतरी म्हणाला. मी ते पाहिलं. मला ते फार गोड वाटलं. एवढंच मला वाटलं.

दहा मिनिटांनी साखर बघायची वेळ झाली. तुम्ही अजून पलीकडेच होतात. मी म्हटलं, मीच करते. टाच गरम केली नाही, धुतली नाही, स्पिरिटचा बोळा एकदा फिरवल्यासारखा केला आणि टोचलं. आकडा आला दोनशे बारा. मी खूश. साखर जास्त आहे, म्हणजे सलाईनमधली कमी करायची. उत्तर पाठ होतं. मी तुम्हाला मोठ्याने सांगितलं, "सिस्टर, सात नंबरचा ड्रिप निम्मा करा."

तुम्ही आलात. आकड्याकडे बघितलं नाहीत, मुलीकडे बघितलंत. तिचा हात उचललात आणि सोडलात. तो पडला.

"परत एकदा बघूया, डॉक्टर."

मी काय म्हटलं ते तुम्हाला आठवत असेल. म्हटलं, "किती वेळा टोचणार तिला? टाचा जपा, टाचा जपा, असं तुम्हीच म्हणता ना?"

तुमचाच शब्द तुमच्यावर फेकून मी ऐटीत चार नंबरकडे गेले. तुम्ही ड्रिपला हात लावला नाहीत. दुसरी टाच धरलीत, नाकाजवळ नेलीत. मग कोमट पाण्याने धुतलीत, पुसलीत, मुठीत धरलीत. दोन मिनिटांनी मला हाक आली, अगदी हळू आवाजात, "डॉक्टर, जरा या."

आकडा अठ्ठावीस होता.

"पायाला वेलचीचा वास येतोय," तुम्ही म्हणालात. "मघाचा आकडा पोरीचा नाही, पेढ्याचा आहे."

तुमच्या हातात दहा टक्क्यांच्या साखरेचं औषध भरून तयार होतं, वजनाच्या हिशोबाने, थेंब इकडे की तिकडे नाही. लॅबला पाठवायची रक्ताची बाटलीही भरून झाली होती. तुम्हाला ते औषध द्यायला माझी काही गरज नव्हती. तरी तुम्ही थांबलात आणि विचारलंत, "सांगा, देऊ?"

मी म्हटलं, "द्या." तो त्या दिवसातला माझा एकमेव बरोबर शब्द, आणि तोही तुम्ही माझ्या तोंडात घातलेला.

मुलगी अर्ध्या तासात हातपाय हलवायला लागली. लॅबचा आकडा तुमच्याच आकड्याशी जुळला. मी तुमचं ऐकून थांबले असते तर गोष्ट वेगळी. पण तुम्ही माझं ऐकलं असतंत तर? अठ्ठावीसवर असलेल्या मुलीची साखर मी निम्मी करायला सांगितली होती. हे वाक्य मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितेय.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगला वॉर्डाच्या प्रमुख सरांनी तक्त्यावर बोट ठेवलं. दहा मिनिटांत दोनशे बारा आणि अठ्ठावीस? हे काय आहे? सगळे होतो आम्ही. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "सर, वडिलांच्या हाताला प्रसाद होता. वेळ नसताना त्यांना आत मी सोडलं. चूक माझी." सरांनी तुम्हाला सगळ्यांसमोर बोल लावले. इतक्या वर्षांच्या नोकरीत तुम्ही असं करावं, वगैरे. तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. जे बोललात ते खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं. त्यातला न धुतलेल्या टाचेचा भाग माझा होता. निम्म्या ड्रिपचा भाग माझा होता. मी गप्प बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्याच आठवड्यात तुम्ही वॉर्डात नवा नियम काढलात. साखर बघणाऱ्याने आधी टाच कोमट पाण्याने धुवायची, पुसायची आणि मोठ्याने सांगायचं, "धुतली." आकडा अनपेक्षित आला तर काही करायच्या आधी दुसरी टाच धुवून पुन्हा बघायचं. मोठे डॉक्टर असोत नाहीतर शिकाऊ, सगळ्यांनी. सहा महिन्यांत तो नियम इतका अंगवळणी पडला की तो का निघाला हे कोणी विचारेना. माझी चूक तुम्ही अशी सगळ्यांच्या कामात विरघळवून टाकलीत. नंतर मी त्याच वॉर्डाची प्रमुख झाले. नव्या मुलांना मीच तो नियम शिकवायचे, आणि ती विचारायची, "मॅडम, हे कोणी सुरू केलं?" मी म्हणायचे, "परब सिस्टरांनी." इथेही निम्मंच खरं.

तुमचं माझं शेवटचं भांडण यंत्रावरून झालं. मांडीला चिकटवायचा छोटा सेन्सर निघालाय, तो पुन्हा पुन्हा न टोचता सारखी साखर सांगत राहतो, हे तुम्ही कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकून आलात आणि माझ्या टेबलासमोर उभ्या राहिलात. लोकांना वाटेल, जुनी सिस्टर यंत्राला नाही म्हणत असेल आणि डॉक्टरीणबाई हो. आपलं उलटं होतं. मी म्हटलं, तो मोठ्या माणसांसाठी केलेला आहे, इतक्या पातळ कातडीच्या बाळांवर, आणि तेही साखर कमी असताना, तो किती खरं बोलतो याची मला खात्री नाही. आपल्याला तर कमीचाच आकडा अचूक हवा.

तुम्ही एक कार्ड माझ्यासमोर ठेवलंत. पाच आठवडे राहिलेल्या एका बाळाचं. दोन्ही पावलांच्या कडांना ठिपक्यांवर ठिपके. नवा द्यायला जागा उरली नव्हती.

"म्हणजे तुमची खात्री होईपर्यंत यांनी टोचून घ्यायचं?"

"पेढ्याच्या आकड्यावर एकदा विश्वास ठेवून बसलेय मी," हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी म्हटलं, "बघू." तुमची निवृत्ती तोंडावर आली होती. ते "बघू" तसंच राहिलं.

मग गेल्या वैशाखात मी तुमच्याकडे आले. तुम्ही दार उघडलंत आणि बाही वर केलीत. तुमच्या दंडावर तो सेन्सर! तुम्हाला मधुमेह होता हेही मला तेव्हा कळलं. लेकाने आणून दिला म्हणालात. पण तुम्ही नुसता लावून बसणाऱ्यांतल्या नव्हतात. शाळेच्या वहीत दोन रकाने पाडले होते, एकात सेन्सरचा आकडा आणि दुसऱ्यात त्याच वेळी बोट टोचून घेतलेला. पंधरा दिवस, दिवसातून सहा वेळा.

"सिस्टर, सेन्सर लावून वर बोटं टोचून घेताय? अहो, मग फायदा काय?"

"बोटं माझी आहेत. तक्रार कोण करणार?"

मी वही चाळत होते. तुम्ही माझ्या खांद्यावरून बोट दाखवलंत. "हे बघा. जेवल्यावर जुळतं. पण साखर उतरत असली की हा मागनं सांगतो. तुमचं थोडं बरोबर होतं." हे सांगताना तुमचा चेहरा पडलेला वगैरे नव्हता. स्वतःची बाजू लंगडी पडते असा पुरावा, स्वतःच्या बोटांतून रक्त काढून गोळा करायचा आणि समोरच्याच्या हातात ठेवायचा! मी मोठमोठ्या परिषदांना जाते, सिस्टर. तिथे असं करणारं माणूस मला भेटलेलं नाही.

"पण म्हणून यंत्र टाकायचं नाही," तुम्ही पुढे म्हणालात. "साखर वर चाललीय की खाली, ते याच्यावर बघत राहा. काही करायच्या आधी मात्र टाच. म्हणजे दहा ठिपक्यांचे दोन तरी होतील. कळलं का, ठाकूरद्वार?"

त्या दिवशी मी सांगणार होते. तुमच्या खोलीत आपण दोघीच होतो, तुम्ही माझ्यासमोर खाजं आणि चहा ठेवला होता. मी सुरुवातही केली. "सिस्टर, ते गणपतीतलं सात नंबर..." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, चष्म्यावरून, तसंच, आणि म्हणालात, "ती आता पाचवीत असेल. चहा घ्या, गार होतोय." मला वाटलं, तुम्ही विसरलात. किंवा तुम्हाला तो विषय नको होता. मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. मी चहा घेतला.

आणि आता तुम्ही नाहीत. सेन्सर मागवण्याचा अर्ज मी परवा दिला. तुम्ही सांगितलंत त्याच अटीवर, निर्णयाआधी टाच. तुमच्या सुनेकडून ती वही मागून घेतलीय. अर्जाला जोडता येणार नाही, एका माणसाच्या दंडावरचा हिशोब कोण मानतो? पण वॉर्डाच्या मीटिंगला ती मी सगळ्यांसमोर उघडणार आहे. आपलं भांडण काही मिटलेलं नाही. सेन्सर लावल्यावर कातडी सोलवटली तर तुमच्याशी पुन्हा भांडेन, फोटोसमोर उभी राहून.

कालचं राहिलंच. तीन नंबरची तार लावून झाल्यावर सगळ्या पुन्हा जमल्या आणि मला म्हणाल्या, मॅडम, चार शब्द बोला. मी लिहून नेले होते. सेवाभाव, समर्पण, असलेच शब्द. समोर या वर्षीचे शिकाऊ डॉक्टर उभे होते, इस्त्रीच्या कोटातले. एकीच्या खिशाला तीन रंगांची पेनं होती. मी कागद घडी करून ठेवला आणि म्हटलं, "टाच धुवायचा नियम का निघाला, ते सांगते."

सगळं सांगितलं. पेढा, दोनशे बारा, निम्मा ड्रिप, टाचा जपा म्हणून तुम्हाला मारलेला टोमणा, सरांसमोर गप्प बसणं. त्या तीन पेनांच्या मुलीने मान खाली घातली होती. बहुतेक तिच्याही पोटात काहीतरी असेल. आत्ताच बोलून टाक गं बाई, बारा वर्षं थांबू नकोस.

सगळे पांगल्यावर निर्मला थांबली. तुम्ही हाताखाली तयार केलेली, आता तुमच्या जागेवर बसणारी. मी म्हटलं, "निर्मला, तुला धक्का बसला असेल."

ती कार्डं नीट लावत होती. म्हणाली, "मॅडम, मला माहीत होतं. मी नवीन होते तेव्हा, पण त्याच शिफ्टला होते ना. मीटिंगनंतर मी त्यांच्यापाशी जाऊन रडले. म्हटलं ताई, तुमचं नाव का खराब करून घेता, सरळ सांगून टाका सरांना. तर माझ्यावरच ओरडल्या. 'गप रव. ती सांगतली. एक दिवस स्वतःच सांगतली. तोवर कोणी तोंड उघडायचं नाही.'"

मी खुर्चीत बसले.

"रिटायर झाल्या तरी दर गणपतीत फोन यायचा त्यांचा," निर्मला म्हणाली. "गौरी कशी झाली, पोरं कशी आहेत, सगळं विचारून झालं की शेवटी एकच. 'ठाकूरद्वारने सांगितलं का गं?' मी म्हणायचे, नाही अजून. तर म्हणायच्या, 'असू दे. सांगेल.'"

या गणपतीत निर्मलाला तो फोन येणार नाही. म्हणून मीच कळवते. सांगितलं, सिस्टर.